घट्ट कुरळे केस कमी उष्णतेत सरळ कसे करावेत

घट्ट कुरळे केस सरळ करायचे म्हटलं की हात आधी स्ट्रेटनरकडे जातो. पण असे केस सरळ होतात ते ताणून वाळवल्यामुळे. इस्त्रीचं काम शेवटी एक हात फिरवण्यापुरतंच आहे, आणि बऱ्याचदा तेवढीही गरज पडत नाही. पश्चिम आफ्रिकेत वीज घरोघरी यायच्या कितीतरी आधीपासून बायका नुसत्या दोऱ्याने केस लांब, सरळ करत आल्या आहेत. खालची पद्धत त्या दोऱ्यावरच उभी आहे.

इथे घट्ट कुरळे म्हणजे आफ्रिकी वंशाच्या लोकांचे, केसांच्या प्रचलित वर्गवारीत ४ए ते ४सी प्रकारात मोडणारे केस. ४एमध्ये बारीक वेटोळी स्पष्ट दिसतात, ४बीमध्ये केस नागमोडी कोनात वळतो आणि ४सीमध्ये वळणं इतकी दाट असतात की वाळलेले केस खऱ्या लांबीच्या पाव भागापर्यंतही आखडतात. जंजिऱ्यासह पश्चिम किनाऱ्यावरच्या सिद्दी घरांतल्या अनेकींचे आणि पुण्यात शिकायला येणाऱ्या आफ्रिकी विद्यार्थिनींचे केस असेच असतात. नुसते लाटदार किंवा सैल कुरळे केस असतील तर एवढा खटाटोप करू नका, मोठे रोलर पुरतात.

आधी एवढं समजून घ्या

केसाला आकार देणारे बंध मुख्यतः दोन प्रकारचे. हायड्रोजनचे बंध पाण्याने सुटतात आणि केस वाळताना ज्या स्थितीत असेल त्या स्थितीत पुन्हा जुळतात. गंधकाचे बंध जन्मजात वळण धरून ठेवतात आणि पाण्याला दाद देत नाहीत. आपल्याला फक्त पहिल्यांशी खेळायचं आहे, म्हणजे धुतल्यावर कुरळेपणा परत येतो. दुसऱ्यांना हात लावतो तो सोडियम हायड्रॉक्साइडचा रिलॅक्सर, म्हणजे केस कायमचे सरळ करणारं रसायन, आणि हाताबाहेर गेलेली उष्णता.

सुक्या केसातलं केराटिन, म्हणजे केस ज्याचा बनतो ते प्रथिन, साधारण २३० अंश सेल्सिअसच्या आसपास कायमचं बिघडतं. ओल्या केसात तेच १२० ते १५० अंशांत होतं. बाजारातले बरेच स्ट्रेटनर २३० पर्यंत तापतात. ओलसर बटेवर इस्त्री फिरवल्यावर चर्र आवाज येतो, तेव्हा आतलं पाणी उकळून केसाच्या गाभ्यात बुडबुडे धरत असतात. केस त्या जागी नंतर मोडतो.

शिवाय या केसाचा छेद चपटा असतो आणि प्रत्येक वळण ही कमकुवत जागा असते. टाळूवरचं तेल वळणावळणाने टोकापर्यंत पोचत नाही, म्हणून टोकं कोरडी राहतात. त्यामुळे सगळ्यात जास्त केस तुटतात ते गुंता सोडवताना. स्ट्रेटनरला मिळणाऱ्या शिव्यांतल्या अर्ध्या खरं तर कंगव्याच्या वाट्याच्या आहेत.

साहित्य

साठलेलं तेल काढणारा शाम्पू, दाट कंडिशनर, धुवायची गरज नसलेलं पातळ लीव्ह-इन, मोठ्या दातांचा कंगवा, शेपटीचा (लांब टोकदार दांड्याचा) कंगवा, आठ-दहा चाप, जाड आणि गुळगुळीत नायलॉनचा काळा दोरा, जुना सुती टी-शर्ट, सॅटिनचा स्कार्फ. शिवणाचा बारीक दोरा नको, तो केसात रुततो. लोकरही नको. ती ओल धरते आणि तिचे तंतू बटेत अडकतात.

हाताशी पूर्ण दिवस ठेवा. संध्याकाळी समारंभ आणि सकाळी केस धुवायला बसलात तर शेवटी स्ट्रेटनरच काढावा लागेल. हवामानही बघा. कोकणात किंवा मुंबईत जुलै महिन्यात हे केस दाराबाहेर पडताच आखडायला लागतात, कारण हवेतली ओलसुद्धा तेच हायड्रोजनचे बंध सोडवते. थंडीत मात्र आठवडा-दीड आठवडा सहज निभतो.

पायरी १ : धुणं आणि गुंता सोडवणं

कोरड्या केसांचेच चार ते सहा भाग करा, प्रत्येकाची सैल वेणी घाला आणि वेण्यांसकटच शाम्पू करा. शाम्पू टाळूवर चोळायचा, लांबीवरून फक्त ओघळू द्यायचा. दोनदा करा. जुनं शिया बटर किंवा खोबरेल राहिलं तर केस नीट वाळत नाहीत आणि ताणही धरत नाहीत.

मग एकेक वेणी सोडून भरपूर कंडिशनर लावा. खांद्यापर्यंतच्या दाट केसांना एकूण अर्धी वाटी लागतो, हात आखडू नका. वीसेक मिनिटं टोपी घालून ठेवा. गुंता केसात कंडिशनर असतानाच सोडवायचा: आधी बोटांनी, मग मोठ्या दातांच्या कंगव्याने, टोकापासून वर मुळाकडे. बट मध्ये मुठीत घट्ट धरा, म्हणजे ओढ टाळूपर्यंत जात नाही. कंगवा अडला तर जोर लावू नका, थेंबभर पाणी आणि बोटं. मुळापासून खाली ओढलेला कंगवा सगळे छोटे गुंते गोळा करून टोकाशी एक मोठी गाठ करून ठेवतो, आणि ती शेवटी कात्रीनेच सुटते.

पायरी २ : ओल कमी करणं

टॉवेलने घासू नका. टी-शर्टमध्ये दाबून पाणी टिपा. प्रत्येक भागाला चहाचा चमचाभर लीव्ह-इन आणि टोकांना तेलाचे दोन-तीन थेंब. जास्त तेल लावण्याचा मोह सगळ्यांनाच होतो. पण तेलाने माखलेला केस उशिरा वाळतो आणि दुसऱ्या दिवशी चपटा, चिकट दिसतो.

आता केस अर्ध्याहून जास्त वाळू द्या, भागांना सैल पीळ घालून चापाने अडकवून. दोरा बांधायची वेळ हाताला कळते. बट गार लागते, पण दाबली तर बोटं ओली होत नाहीत. यापेक्षा ओले बांधले तर रात्रभरात आतून वाळत नाहीत. अगदी कोरडे बांधले तर जोडायला सुटे बंधच उरत नाहीत आणि मेहनत वाया जाते.

पायरी ३ : दोरा गुंडाळणं

नायजेरियात योरुबा समाजाच्या बायकांमध्ये ही कला पिढ्यानपिढ्या चालत आली आहे. छायाचित्रकार जे. डी. ओखाई ओजेइकेरे यांनी १९६८ पासून नायजेरियातल्या केशरचनांची शेकडो छायाचित्रं टिपली. त्यांत दोऱ्याने गुंडाळलेल्या बटांचे मनोरे, कमानी अशा रचनाही दिसतात. आपल्याला कमानी नकोत, फक्त ताण हवा.

खांद्यापर्यंतच्या केसांचे बारा ते सोळा चौकोन करा. दाट केस असतील तर वीस. बटेच्या लांबीच्या निदान सहा पट दोरा घ्या, उरला तर उरू द्या.

दोऱ्याचं एक टोक बोटभर मोकळं सोडून मुळाशी तीन-चार वेढे द्या. हे वेढे सगळ्यात महत्त्वाचे, आणि हमखास चुकतात तेही इथेच. ते घट्ट हवेत, पण टाळूची कातडी वर ओढली जाता कामा नये. बांधल्यावर भुवया उचलून पाहा. कपाळाजवळ टोचलं किंवा मुळाशी बारीक पुळीसारखा उंचवटा दिसला तर लगेच सोडा. असाच ताण वारंवार बसला तर कपाळाच्या कडेचे केस कायमचे जातात. लहान मुलींच्या बाबतीत तर मुळाचे वेढे मुद्दाम सैलच ठेवा.

मग डाव्या हाताने बट टोकाकडे सरळ ताणून धरा आणि उजव्या हाताने दोरा खाली खाली गुंडाळत जा. वेढ्यांमध्ये जागा सोडली की तिथे केस फुगतो आणि वाळल्यावर लाट राहते. वेढे जवळजवळ लावले तर केस जास्त सरळ निघतो. पहिल्यांदा करताना वेढे कमी-जास्त होतात, त्यामुळे बटेवर खाचा दिसतात. त्या पुढच्या पायरीत बऱ्याच जातात. टोकाशी पोचल्यावर शेवटचे अर्धा इंच केस दुमडून दोऱ्याखाली घ्या, नाहीतर टोकं तशीच कुरळी राहतात आणि सरळ केसाला शेवटी झुपका येतो. गाठ मारू नका. शेवटच्या वेढ्याखालून दोरा ओवून ओढला की पुरे.

सगळ्या बटा झाल्या की त्या डोक्याभोवती आडव्या वळवून स्कार्फ बांधा आणि झोपा. आठ ते दहा तास लागतात, दाट ४सीला बारासुद्धा. सकाळी एकच बट सोडून बघा. ती आत जराही गार लागली तर परत गुंडाळा आणि थांबा. अर्धवट वाळलेली बट सोडली की पाचच मिनिटांत फुलते. घाईच असेल तर हेअर ड्रायरची गार किंवा कोमट हवा गुंडाळलेल्या बटांवर दहा-पंधरा मिनिटं सोडा, साधारण १५ सेंटिमीटरवरून, एका जागी न रेंगाळता. दोरा सोडताना कात्री वापरू नका.

दोऱ्याऐवजी रोलर

डॉमिनिकन रिपब्लिकच्या आणि न्यूयॉर्कमधल्या डॉमिनिकन सलूनांत केस मोठ्या रोलरवर गुंडाळून हूडच्या, म्हणजे डोक्यावर टोपीसारख्या बसणाऱ्या ड्रायरखाली वाळवतात. ड्रायरची हवा स्ट्रेटनरच्या मानाने कितीतरी सौम्य असते. रोलर ५ ते ६ सेंटिमीटर व्यासाचे, गुळगुळीत प्लास्टिकचे घ्या. इथे केस चिंब ओले लागतात. बट रोलरच्या रुंदीपेक्षा रुंद नको, आणि ती डोक्यापासून सरळ वर ताणून, कंगव्याने गुळगुळीत करून गुंडाळायची. मध्यम हवेवर तासभर ते दीड तास, आणि मग रोलर थंड होईपर्यंत हात लावायचा नाही. यात चमक दोऱ्यापेक्षा जास्त येते, पण मुळाजवळचे एक-दोन इंच हट्टी राहतात. केस फार आखूड असतील तर रोलर धरतच नाही, तिथे दोराच बरा.

पायरी ४ : हवी असेल तरच इस्त्री

आरशात बघा. केस लांब झालेत, पडतात, पण काचेसारखे चकचकीत नाहीत. बहुतेकींना एवढं पुरतं, आणि आमचं मतही इथेच थांबावं असं आहे. चकचकीतच हवे असतील तर केस आता ताणलेले आणि ठणठणीत कोरडे आहेत, त्यामुळे उष्णता कमी लागते. आखडलेल्या केसाला तीन-चारदा फिरवावा लागणारा स्ट्रेटनर इथे एकदाच फिरतो. खरी बचत यातच आहे.

बारीक किंवा रंगवलेल्या केसांना १५० अंश, मध्यम जाडीला १७०, जाड केसांना १८० ते १९०. ज्यावर फक्त 'कमी-जास्त' लिहिलंय आणि आकडा नाही, असा स्ट्रेटनर वापरू नका. उष्णतारक्षक सीरम वाटाण्याएवढं घेऊन तळव्यावर पसरून लावा. पाणीवाला स्प्रे मारला असेल तर पूर्ण वाळू द्या. बट सेंटिमीटरभर जाडीची. पुढे शेपटीचा कंगवा, त्याला लागून स्ट्रेटनर, मुळापासून टोकापर्यंत एकसारख्या गतीने न थांबता. आधी मानेजवळची, न दिसणारी एक बट करून, ती ओली करून बघा. वळण परत आलं तरच पुढे जा. एकदा फिरवून सरळ होत नसेल तर बट जाड आहे किंवा ओलसर आहे. तापमान वाढवायच्या आधी या दोन गोष्टी तपासा.

पार्लरमध्ये करून घेणार असाल तर बसण्याआधीच तीन गोष्टी सांगा: बारीक दातांची फणी नको, तापमान १९०च्या वर नको, एका बटेवरून एकदाच. आपल्याकडचे बहुतेक हात सरळ किंवा लाटदार केसांवर बसलेले असतात. 'मॅडम, केराटिन करून टाका ना' हा आग्रह होईलच, म्हणजे रसायन लावून केस सरळ करून घ्यायचा. त्यातली अनेक उत्पादनं तापल्यावर फॉर्माल्डिहाइड सोडतात. अमेरिकेतल्या 'सिस्टर स्टडी' या स्त्रियांच्या आरोग्याच्या मोठ्या अभ्यासाच्या २०२२ साली आलेल्या निष्कर्षांत, वर्षभरात चारपेक्षा जास्त वेळा केस सरळ करणारी रसायनं वापरणाऱ्या स्त्रियांमध्ये गर्भाशयाच्या कर्करोगाचं प्रमाण न वापरणाऱ्यांच्या दुपटीहून जास्त आढळलं. कार्यकारणसंबंध त्यातून सिद्ध होत नाही, पण 'नको' म्हणायला तेवढं पुरेसं आहे.

टिकवणं

रात्री केस एकाच दिशेने डोक्याभोवती गोल विंचरून, चापट पिनांनी बसवून वर सॅटिनचा स्कार्फ. सुती उशी ओल आणि तेल शोषते, केस घासते. अंघोळीला नुसती प्लास्टिकची टोपी नको, आत वाफ धरते. आधी स्कार्फ, वर टोपी. व्यायाम करताना कपाळाला रुंद पट्टी बांधा आणि घाम वाळेपर्यंत ती काढू नका. दोन-चार दिवसांनी मुळं फुलली तर स्ट्रेटनर परत काढायचा नाही. रात्री त्या भागातच पाच-सहा बटा दोऱ्याने गुंडाळा, कोरड्याच. पूर्वीइतक्या सरळ होणार नाहीत, पण बसतील.

दहा-बारा दिवसांनी धुवा आणि ओल्या केसांची वळणं नीट बघा. शेजारच्या बटा आखडल्या आणि एखादी तशीच लोंबत राहिली तर तिथे उष्णता जास्त झाली आहे. कुठलाही मास्क ते वळण परत आणत नाही. केस महिन्याला साधारण सव्वा सेंटिमीटर वाढतात, त्या बेताने ती टोकं थोडी थोडी कापत जा. पुढच्या वेळी त्या भागाला २० अंश कमी द्या, किंवा तिथे फक्त दोराच बांधा.