जपानी रेस्टॉरंटमध्ये जागा राखताना

जपानमधल्या जुन्या धाटणीच्या रेस्टॉरंटमध्ये टेबल बुक करताना ‘होरिगोतात्सु’ आहे का, एवढं नक्की विचारा. त्यात बुटक्या टेबलाखाली जमिनीतच खड्डा असतो, त्यामुळे पाय खाली सोडून ऐसपैस बसता येतं. नुसती तातामीची, म्हणजे जमिनीवर अंथरलेल्या गवती चटयांची बैठक असेल तर गुडघेदुखीवाल्यांचे हाल. मांडीची सवय असलेल्यांनाही लांबलेल्या जेवणात मुंग्या येतातच. तातामीवर बूट चालत नाहीत, तेव्हा मोजे न फाटलेले घाला! स्वच्छतागृहातल्या चपला तिथेच सोडा. भिंतीत लांबट चित्र आणि फुलं मांडलेला कोनाडा दिसला, तर तो तोकोनोमा. सोयीचा वाटला तरी तिथे बॅग ठेवू नका. त्याच्याकडे पाठ करून बसायची जागा मुख्य पाहुण्याची. जेवण तुम्ही देत असाल, तर दाराजवळ बसा.