घरबसल्या सीएमईचे क्रेडिट पॉइंट कसे मिळवावेत

आमच्या तालुक्यातल्या एका ज्येष्ठ डॉक्टरांचा फोन आला. डॉक्टरकीच्या रजिस्ट्रेशनचं नूतनीकरण दोन महिन्यांवर आलेलं आणि त्यासाठी लागणारे सीएमईचे, म्हणजे निरंतर वैद्यकीय शिक्षणाचे, पॉइंट खात्यावर जेमतेम अकरा. "अरे, लॉकडाउनपासून दर बुधवारी ऑनलाइन लेक्चर ऐकतोय मी. एकही चुकवलं नाही," ते म्हणाले. ते खरं होतं, त्यांची टिपणांची वही मी पाहिली आहे. घोळ दुसरीकडे होता. ते नातवाच्या मोबाइलवरून लेक्चरला बसायचे आणि आयोजकांच्या हजेरीत त्यांच्या जागी 'रेडमी नोट' एवढंच उमटायचं. त्या नावाचा डॉक्टर कुठल्याच यादीत नाही, म्हणून पॉइंट कुणाच्याच खात्यात पडले नव्हते. त्यांचा आवाज ऐकून मला फार वाईट वाटलं. असं आणखी कुणाचं होऊ नये म्हणून हे सविस्तर लिहितो आहे. घरात कुणी डॉक्टर असेल आणि कॉम्प्युटरची बाजू तुम्ही सांभाळत असाल, तर तुम्हीही वाचा.

आधी नियम. २००२ सालच्या डॉक्टरांच्या आचारसंहितेत दर पाच वर्षांत किमान ३० तासांचं निरंतर वैद्यकीय शिक्षण सांगितलं आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये नॅशनल मेडिकल कमिशनने (डॉक्टरांवर देखरेख ठेवणारी देशपातळीवरची संस्था) नवे नियम आणले होते, पण २३ ऑगस्टलाच ते स्थगित झाले आणि २००२चे नियम पुन्हा लागू झाले. आपल्याकडे डॉक्टरांची नोंदणी करणारं महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल दर पाच वर्षांनी नूतनीकरणाच्या वेळी या शिक्षणाचे ३० पॉइंट बघतं. म्हणजे वर्षाला सहा. एवढे कुणालाही जमतात, फक्त पाचव्या वर्षाची वाट बघायची नाही. (आयुर्वेद, होमिओपॅथी, दंतवैद्यक यांच्या परिषदा वेगळ्या आणि नियमही वेगळे. त्यांनी आपापल्या परिषदेकडे बघावं.)

आजच करायची गोष्ट म्हणजे कौन्सिलच्या संकेतस्थळावर आपल्या खात्यात शिरून बघणं. नाव, मोबाइल नंबर, ईमेल बरोबर आहे का? कितीतरी जणांचा तिथला नंबर दहा वर्षांपूर्वी बंद केलेल्या सिमचा असतो, मग ओटीपी येत नाही आणि सगळं तिथेच अडतं. ते दुरुस्त करून घ्या. नूतनीकरणाची तारीख आणि आजवर जमा झालेले पॉइंट एका कागदावर लिहून कन्सल्टिंगच्या टेबलाच्या काचेखाली ठेवा. शेजारी रजिस्ट्रेशन नंबर लिहा, जसा सर्टिफिकेटवर छापलाय अगदी तसा. जुन्या डॉक्टरांचा नुसता आकडा असतो, नंतरच्यांच्या नंबरात वर्ष आणि महिना तिरक्या रेघांनी तोडलेला असतो. फॉर्म भरताना एखादी रेघ किंवा शून्य गळलं, तर तुमचा पॉइंट हरवतो.

आता लेक्चर निवडणं. व्हॉट्सअ‍ॅपवर रोज चार आमंत्रणं येतात. आमंत्रणपत्रिकेत तीन गोष्टी बघा: आयोजक संस्था कोण, कौन्सिलने किती पॉइंट मंजूर केलेत, आणि ते ऑनलाइन बसणाऱ्यांनाही आहेत की फक्त हॉलमध्ये येणाऱ्यांना. तिसऱ्या गोष्टीत फसगत जास्त होते. मोठ्या परिषदेचं थेट प्रक्षेपण यूट्यूबवर सगळ्यांना खुलं असतं, पण तिथे हजेरी घेतली जात नाही. नावनोंदणी करून मिळालेल्या लिंकवर बसणाऱ्याचीच नोंद होते. 'पॉइंटसाठी अर्ज केला आहे' असं लिहिलं असेल, तर ते अजून मिळालेले नाहीत हे समजून चला. आयोजकांना फोन करून सरळ विचारा. विचारण्यात कमीपणा काही नाही.

औषध कंपनीच्या मदतीने होणारी लेक्चरं वाईटच असतात असं नाही. पण विषयाच्या जागी गोळीचं ब्रँडनेम दिसलं तर मी ती संध्याकाळ सोडून देतो. पॉइंट दुसरीकडेही मिळतात.

माझ्या मते निवडीचा खरा निकष एकच, उद्या सकाळी ओपीडीत समोर बसणारा पेशंट. मी कोकणात प्रॅक्टिस करतो. भातलावणीच्या दिवसांत सर्पदंश येतोच. एका पावसाळ्यात मी सर्पदंशावरचं दीड तासाचं ऑनलाइन लेक्चर लावलं. व्याख्याते वीस मिनिटांच्या रक्त गोठण्याच्या चाचणीबद्दल बोलत होते: दोन मिली ताजं रक्त नळीत घ्यायचं, वीस मिनिटं हलवायचं नाही, मग नळी तिरकी करून रक्त गोठलंय का बघायचं; गोठलं नसेल तर विषाचा परिणाम समजायचा. हे मला माहीत होतं. पुढे ते म्हणाले, नळी काचेचीच हवी, कोरडी हवी आणि साबणाच्या पाण्याने धुतलेली नको. प्लॅस्टिकच्या किंवा साबणाचा अंश राहिलेल्या नळीत निरोगी माणसाचं रक्तही गोठत नाही, आणि आपण विनाकारण प्रतिविष सुरू करून बसतो. मी खुर्चीतून उठून शेजारच्या खोलीतला ट्रे बघितला. सगळ्या नळ्या प्लॅस्टिकच्या. दुसऱ्या दिवशी दुकान उघडताच काचेच्या नव्या नळ्यांचं खोकं आणलं आणि सिस्टरांना सांगून त्यावर 'फक्त साप' अशी चिठ्ठी लावली. त्या लेक्चरचे पॉइंट किती होते ते आता आठवत नाही. खोकं मात्र आजही कपाटात त्याच जागी असतं.

तालुक्यातला डॉक्टर फक्त ऐकणाराच असतो असंही समजू नका. महाडला बसून डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग जगासमोर मांडला, २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. लेक्चर संपल्यावर प्रश्न विचारा, आपली केस सांगा. आयोजक पुढच्या वेळी तुम्हालाच बोलायला बोलावतील.

लेक्चरच्या संध्याकाळी पंधरा मिनिटं आधी बसा. आत शिरल्यावर सगळ्यात आधी आपलं नाव बदला: 'डॉ.', पूर्ण नाव, मग रजिस्ट्रेशन नंबर. नवराबायको दोघंही डॉक्टर असतील तर दोघांनी वेगवेगळ्या यंत्रांवरून, आपापल्या नावाने बसावं. एका स्क्रीनसमोर दोघं बसलात तर हजेरी एकाचीच लागते. मोबाइल चार्जिंगला लावा. वीज गेली तर राउटर बंद पडतो, म्हणून दुसऱ्या मोबाइलचा डेटा तयार ठेवा. मध्येच इमर्जन्सी आली तर अर्थातच उठा, पेशंट आधी. परत आल्यावर त्याच नावाने शिरा.

बहुतेक आयोजक मध्येच प्रश्न टाकतात किंवा शेवटी फीडबॅक फॉर्मची लिंक चॅटमध्ये देतात. ती लिंक थोडाच वेळ उघडी असते. आभारप्रदर्शन सुरू झालं की लोक उठतात आणि नेमका फॉर्म राहतो. तो भरून, 'सबमिट झाला' हा स्क्रीनशॉट काढूनच लॅपटॉप मिटा. उत्तरं मात्र स्वतः द्या. कंपाउंडरला स्क्रीनसमोर बसवून ओपीडी चालवणारे लोक मला माहीत आहेत. ही पेशंटशी फसवणूक आहे, याहून सौम्य शब्द मला सापडत नाही.

सर्टिफिकेट ईमेलने येतं. एक फोल्डर करा, फाइलला तारीख आणि विषयाचं नाव द्या. पण सर्टिफिकेट हातात आलं म्हणजे काम झालं असं नाही, पॉइंट कौन्सिलच्या खात्यात दिसला पाहिजे. महिन्याभराने बघा. दिसत नसेल तर लगेच आयोजकांना लिहा, सोबत सर्टिफिकेट, स्क्रीनशॉट आणि रजिस्ट्रेशन नंबर जोडा. त्यांच्याकडे हजेरीची यादी असते तोवर दुरुस्ती सहज होते. तीन वर्षांनी विचारलं तर ती यादी ज्याच्या लॅपटॉपवर होती तो माणूसही सापडत नाही.

रेकॉर्डिंग नंतर बघून पॉइंट मिळतील असं गृहीत धरू नका. आणि परदेशी संकेतस्थळांवरची प्रमाणपत्रंही इथे आपोआप धरली जात नाहीत. ज्ञानासाठी ती जरूर बघा. अमेरिकेत प्रॅक्टिस करणाऱ्या मराठी डॉक्टरांसाठी हिशेब वेगळा आहे. तिथे थेट प्रक्षेपण हा एक प्रकार आणि साठवलेलं रेकॉर्डिंग हा दुसरा. रेकॉर्डिंगलाही क्रेडिट मिळतं, पण त्यासोबतची चाचणी पास व्हावी लागते. एका तासाला एक क्रेडिट, पाव तासाच्या हिशेबाने, आणि जेवढा वेळ खरोखर बसलात तेवढंच मागायचं. किती लागतात ते राज्यागणिक बदलतं: कॅलिफोर्नियात दोन वर्षांत ५०, टेक्सासमध्ये दोन वर्षांत ४८.

त्या ज्येष्ठ डॉक्टरांचं पुढे काय झालं? आम्ही दोघांनी एका रविवारी बसून त्यांचे जुने ईमेल चाळले. काही आयोजकांकडे त्यांनी भरलेले फीडबॅक फॉर्म होते, त्यात रजिस्ट्रेशन नंबर होता, तेवढे पॉइंट वळते झाले. उरलेल्यांसाठी ते जिल्ह्याच्या गावी दोन परिषदांना जाऊन बसले, एसटीने, या वयात. नूतनीकरण वेळेत झालं. आता बुधवारी त्यांची नात आधी नाव टाइप करून देते आणि मगच आजोबांच्या हातात मोबाइल देते.