अनोळखी एंजलफिश कसा ओळखाल?
नागपूरहून आर्वीला आणलेल्या खाऱ्या पाण्यातल्या माशाचं नाव दुकानदारालाही सांगता आलं नाही, तर आधी त्याचा गाल बघा. कल्ल्याच्या झाकणाखाली मागे वळलेला टोकदार काटा असेल तर तो एंजलफिश. त्याच्यासारख्याच दिसणाऱ्या बटरफ्लायफिशला तो काटा नसतो. नुसत्या रंगावर विसंबू नका. कित्येक जातींची पिल्लं मोठ्या माशांहून पार वेगळी दिसतात. गर्द निळ्या पिल्लाच्या अंगावरच्या पांढऱ्या रेषा शेपटीजवळ पूर्ण गोल झाल्या तर तो एम्परर जातीचा एंजलफिश, अर्धगोलच राहिल्या तर बहुधा कोरान जातीचा. दोन्ही फूटभराहून मोठे होतात, म्हणून लहान टाकीसाठी घेऊच नका. आणि हलवताना जाळी नको, काटा अडकून मासा जखमी होतो. पाण्यासकट डब्यात घ्या.