लिनक्सवर नाव सापडत नाही? आधी डिग ही कमांड बाजूला ठेवा

८.८.८.८ ला (हा गूगलचा डीएनएस सर्व्हर, म्हणजे नावावरून आकडी पत्ता सांगणारा) पिंग जातोय, पण वेबसाइटचं किंवा मशीनचं नाव दिलं की 'नेम ऑर सर्व्हिस नॉट नोन' येतं, अशांसाठीच हे. आकडी पत्त्यालाही उत्तर नसेल तर बिघाड नेटवर्कचा आहे. वायर, वायफाय, राउटर बघा.

'रिझॉल्व्ह डॉट कॉन्फमध्ये ८.८.८.८ टाक' असं कुणीतरी सांगेलच. ऐकू नका. कोणत्या डीएनएस सर्व्हरला विचारायचं ते सांगणारी ती फाइल बहुतेक ठिकाणी नेटवर्क मॅनेजर हा प्रोग्राम परत लिहून टाकतो, आणि ऑफिसातल्या मशीनची नावं गूगलच्या सर्व्हरला कुठून कळणार? उबुंटूवर तिथे १२७.०.०.५३ दिसतं, तो मशीनमधल्याच मध्यस्थाचा पत्ता, ते तसंच असायला हवं. खरे सर्व्हर 'रिझॉल्व्हसीटीएल स्टेटस' ही कमांड दाखवते.

ईटीसी फोल्डरमधल्या होस्ट्स फाइलीत (हाताने लिहिलेल्या नावं-पत्त्यांच्या यादीत) त्या नावाची जुनी नोंद पडून असेल तर उडवा.

आता खरी गोम. डिग बरोबर पत्ता देतं, ब्राउझर मात्र ढिम्म. यात मीही भरपूर वेळ घालवलाय. डिग आणि एनएसलुकअप या कमांड थेट डीएनएस सर्व्हरला विचारतात. पिंग, एसएसएच वगैरे मंडळी आधी ईटीसीमधल्याच एनएसस्विच डॉट कॉन्फ या फाइलीतली 'होस्ट्स'ची ओळ बघतात; नाव कुठे आणि कोणत्या क्रमाने शोधायचं ते ती ठरवते. त्यामुळे डिगच्या उत्तरावरून 'डीएनएस ठीक आहे' एवढंच कळतं. तपासायचं ते 'गेटएन्ट होस्ट्स' ही कमांड आणि पुढे नाव देऊन, कारण ते याच ओळीने जातं.

ती ओळ डावीकडून उजवीकडे वाचा. डेबियनच्या डेस्कटॉपवर बहुधा असा क्रम सापडतो: फाइल्स, एमडीएनएस४-मिनिमल, मग चौकटी कंसात 'नॉटफाउंड=रिटर्न', शेवटी डीएनएस. एमडीएनएस म्हणजे सर्व्हरशिवाय, जवळच्या नेटवर्कवरच्या मशीननाच नाव विचारायची पद्धत. कंसातल्या त्या दोन शब्दांकडे सगळे काणाडोळा करतात. 'डॉट लोकल'ने संपणारं नाव एमडीएनएसला सापडलं नाही की शोध तिथेच थांबतो, डीएनएसची पाळी येतच नाही. तुमच्या राउटरने 'फाइलसर्व्हर डॉट लोकल' अशी नावं वाटली असतील तर दुखणं हेच.

कंस पुसू नका, डीएनएस हा शब्द एमडीएनएसच्या आधी आणा. त्याआधी एनएसस्विच डॉट कॉन्फची प्रत काढा. मग गेटएन्ट पुन्हा चालवा आणि ब्राउझर बंद करून उघडा.

राउटर तुमच्या ताब्यात असेल तर 'डॉट लोकल' सोडाच. २०१३ पासून ते एमडीएनएससाठी राखीव आहे. घरच्या नेटवर्कसाठी 'होम डॉट आर्पा' वापरा, ऑफिसात 'डॉट इंटरनल'.