१९६९ ची कॅमॅरो झेड/२८ : घेताना आणि चालवताना या चुका टाळा

शेव्हरोलेने १९६९ साली २०,३०२ झेड/२८ (शर्यतीसाठी केलेल्या इंजिनाची कॅमॅरो) बनवल्या. आज त्या नावाने विकायला येणारी प्रत्येक गाडी त्यांतलीच आहे असं धरून चालणं, ही पहिली चूक. बॉनेटवरचे पट्टे, बॅज, रॅली चाकं, मागचा स्पॉयलर, सगळं आज नवंकोरं विकत मिळतं. तेव्हा या गोष्टी सगळ्यांत शेवटी बघा.

चॅसी नंबरकडून नको ती अपेक्षा

फोर्डच्या बॉस ४२९ मध्ये नंबरातलं पाचवं अक्षर झेड असतं, प्लिमथच्या हेमी कुडामध्ये आर. त्यावरून इंजिन कळतं. ही सवय कॅमॅरोला लावू नका. १२४३७ ने सुरू होणारा नंबर एवढंच सांगतो की ही व्ही-८ इंजिनाची कूपे (दोन दारांची बंद गाडी) आहे. मग ती ३०७ घनइंचाची साधी गाडी असो की झेड/२८. उलट सुरुवात १२३३७ असेल, तर गाडी कारखान्यातून सहा सिलिंडरची निघाली. पुढे बघायची गरजच नाही.

फायरवॉलवरच्या (इंजिन आणि केबिन यांमधल्या भिंतीवरच्या) माहितीच्या छोट्या पत्र्याचंही असंच. डिसेंबर १९६८ च्या सुमारापासून ओहायोतल्या नॉरवूड कारखान्याच्या पत्र्यावर एक्स कोड येऊ लागले. एक्स ३३ आणि एक्स ७७ म्हणजे झेड/२८. एक्स ११ ला मात्र अनेकजण उगाच भुलतात. तो फक्त सजावटीच्या पॅकेजचा कोड. कॅलिफोर्नियातल्या व्हॅन नाइजच्या गाड्यांवर (चॅसी नंबरात एल) एक्स कोड नसतोच, म्हणून अशी गाडी खोटी ठरवणं हीसुद्धा चूकच.

कागदपत्रांबाबत पोंटिॲकवाले नशीबवान, त्यांच्या जुन्या नोंदी मिळतात. अमेरिकेत विकलेल्या शेव्हरोलेच्या तशा मिळत नाहीत. कॅनडात विकलेल्यांच्या मिळतात.

इंजिनाचा शिक्का नीट न वाचणं

पॅसेंजरच्या बाजूच्या हेडच्या पुढे ब्लॉकवर एक छोटा सपाट भाग असतो. तो थिनर आणि फडक्याने पुसा. वायर ब्रश किंवा सँडपेपर लावायचा नाही. झेड/२८ च्या ३०२ इंजिनावर शेवटी डीझेड असतं. समजा शिक्का व्ही०२२५डीझेड आहे: व्ही म्हणजे फ्लिंटचा कारखाना, जुळणी २५ फेब्रुवारीची. मग ब्लॉकच्या मागच्या कडेला ओतलेली तारीख त्याआधीची हवी, उदाहरणार्थ बी १९ ९, म्हणजे १९ फेब्रुवारी १९६९. आणि फायरवॉलच्या पत्र्यावरचा बॉडी बनल्याचा आठवडा मार्चच्या आसपासचा. हा क्रम उलटा आला तर ब्लॉक दुसऱ्या गाडीतला. निव्वळ कास्टिंग नंबरावर (ब्लॉकवर ओतलेल्या नंबरावर) विसंबू नका, ३९५६६१८ हा ब्लॉक ३५० इंजिनातही वापरलेला आहे.

बऱ्याचदा त्याच जागेवर गाडीच्या नंबराचा भागही ठोकलेला असतो. भिंगाने बघा: कारखान्याच्या पृष्ठभागावर पुढून मागे जाणाऱ्या बारीक सरळ रेघा दिसतात. गोलाकार ओरखडे असतील, तर ब्लॉक नंतर मशीनवर घासला गेलाय आणि वरचे आकडे नवे आहेत. आकडे अजिबात नसतील तर मात्र लगेच फसवणूक समजू नका. प्रामाणिक ओव्हरहॉलिंगमध्येही ते जातात. फक्त पैसे ‘ओरिजिनल इंजिना’चे देऊ नका.

एक सोपी खूण बरेचजण विसरतात. झेड/२८ ला कारखान्यातून एसी नव्हता, ऑटोमॅटिक गिअरही नव्हता. फायरवॉलवर एसीची बुजवलेली भोकं सापडली की प्रकरण मिटलं, ती झेड/२८ नाही. आणि ‘कारखान्याचा क्रॉस-रॅम’ म्हणून जास्त पैसे मागितले, तर हसून सोडून द्या. दोन कार्ब्युरेटरचा तो संच डीलरच्या काउंटरवरून मिळायचा.

टॅपेटचा आवाज बंद करायला जाणं

या इंजिनाचे टॅपेट सॉलिड (गॅप आपोआप भरून न काढणारे) आहेत, थोडी टकटक होणारच. आवाज जावा म्हणून व्हॉल्व्हची गॅप कमी केली की व्हॉल्व्ह नीट बसत नाही, त्याची उष्णता सीटमधून निघत नाही आणि तो जळतो. मूळ कॅमशाफ्टला इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्हीकडे ०.०३० इंच (०.७६ मिमी) गॅप, तीही इंजिन गरम असताना. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडायला लागला की त्याच सिलिंडरचा इनटेक सेट करा. इनटेक उघडून जवळपास बंद होत आला की एक्झॉस्ट.

नवा कॅम बसवल्यावर इंजिन आयडलवर सोडून देणं तर सर्वांत महाग पडतं. कॅमच्या लोबला (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या उंचवट्यांना) तेल मुख्यतः क्रँकवरून उडून मिळतं, कमी फेऱ्यांवर ते पुरत नाही. स्टार्ट होताच मिनिटाला २,००० फेऱ्यांच्या वर न्या आणि फेऱ्या थोड्या वरखाली करत २० मिनिटं चालवा. ऑइल भरपूर झिंक असलेलंच. आजच्या साध्या गाड्यांच्या ऑइलमध्ये ते कमी असतं आणि लोब झिजून सपाट होतात.

स्वभावाला दोष समजणं

४ इंच बोअर, ३ इंच स्ट्रोक. ट्रान्स-ॲम शर्यतीच्या ५ लिटर मर्यादेत बसावं म्हणून केलेलं हे इंजिन ३,००० फेऱ्यांखाली मरगळलेलंच वाटतं. ‘जोर नाही’ म्हणून ३५० चा क्रँक घालणारे आहेत. गाडीची किंमत तिथेच उतरते.

नॉकिंगचं मात्र खरं कारण असतं. ११:१ कॉम्प्रेशन त्या काळच्या शिसेयुक्त प्रीमियम पेट्रोलसाठी होतं. अमेरिकेतल्या पंपावर ९१ ऐवजी ९३ ऑक्टेनचं पेट्रोल मिळत असेल तर तेच घ्या, आणि लोडवर खडखड आली तर इग्निशन टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) एकेक अंशाने मागे घ्या. फार मागे नेलं की इंजिन तापायला लागतं. मग लोक रेडिएटर बदलत बसतात. त्याआधी पंख्याचं श्राउड (भोवतीचं आवरण) जागेवर आहे का ते बघा. आणि पेट्रोलचा विषय निघालाच आहे, तर इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने कडक झालेले पेट्रोलचे जुने रबरी पाइप बदलून टाका.