पगाराची स्लिप वाचायची कशी

मी केज तालुक्यातली. चाकणला येऊन चौदा वर्षं झाली, काम वायर हार्नेसच्या, म्हणजे गाडीतल्या वायरींच्या जुडग्याच्या, लाइनवर. इतक्या वर्षांत कंपन्या तीन झाल्या, ठेकेदार सहा. दर जूनला रूमवर गावाकडच्या नव्या पोरी येतात आणि पहिल्या पगाराला मोबाइल पुढे करतात. "ताई, अठरा हजार सांगितले होते. साडेतेराच कसे आले?" प्रत्येकीला तेच सांगून घसा सुकतो, म्हणून एकदाचं लिहून काढते.

आधी हे अठरा हजार कुठून येतात ते बघा. समजा बेसिक आणि विशेष भत्ता मिळून 15,600. पीएफ 15,000 वर धरला तर तुमचे 12 टक्के म्हणजे 1,800 कापले जातात. ईएसआयचे, म्हणजे कामगार विम्याचे, 0.75 टक्के, 117 रुपये. हातात 13,683. आता ठेकेदाराने स्वतःच्या खिशातून भरायचा पीएफही 1,800 आणि ईएसआय 3.25 टक्के, म्हणजे 507. हे 15,600 मध्ये मिळवा, 17,907 होतात. त्यालाच तो तोंडी "अठरा हजार पगार" म्हणतो. तो तुमचा पगार नाहीच, तुमच्यावर होणारा त्याचा खर्च आहे. म्हणून गेटवर "पगार किती" विचारू नका. "बेसिक आणि विशेष भत्ता किती" विचारा, आणि आकडा नेमणुकीच्या पत्रावर मागा. पत्रावर पगार 18,000 लिहिलाय आणि स्लिपमध्ये पीएफचे 3,600 कापलेत, तर सरळ चोरी आहे. मालकाचा वाटा कामगाराच्या पगारातून कापता येत नाही.

आणखी एक ओळ बघा, व्यवसायकर. महाराष्ट्रात बाईला महिन्याला 25,000 पर्यंत हा कर नाही, एप्रिल 2023 पासून. तरी 200 रुपये कापलेल्या बायकांच्या स्लिपा मी पाहिल्यात. विचारलं की म्हणतात, सॉफ्टवेअर जुनं आहे.

आता ओटी. इथे सगळ्यात जास्त जातं, आणि सगळ्यात कमी कुणी मोजतं. 15,600 भागिले 26 दिवस, दिवसाचे 600. आठ तासांनी भागा, तासाचे 75. ओव्हरटाइम कायद्याने दुप्पट, म्हणजे तासाला 150. महिन्यात 40 तास थांबलात तर 6,000 व्हायला हवेत. स्लिपवर ओटी नावाची ओळच नसते, "इतर भत्ता 3,000" अशी काहीतरी असते. म्हणजे सिंगल रेट लावला, आणि नावही बदललं. कुठे कुठे तर हुशारी अशी की खाडा कापताना 26 ने भागतात आणि ओटी देताना 30 ने. दोन्हीकडून फायदा त्यांचाच.

यावर उपाय एकच, दहा रुपयांची वही. मी रोज बसमध्ये बसल्या बसल्या आत गेल्याची आणि बाहेर पडल्याची वेळ लिहिते. पंचिंगचं मशीन त्यांचं, वही आपली. एकदा ऑफिसात मी वही टेबलावर ठेवली तर साहेबांनी चहा मागवला. पैसे पुढच्या पगारात आले.

पीएफचं मात्र वहीने भागत नाही. माझ्या दुसऱ्या ठेकेदाराने अकरा महिने पैसे कापले आणि भरले एकही नाहीत. मला कळलं तेव्हा त्याचं ऑफिस बंद होऊन तिथे मोबाइलचं दुकान लागलं होतं. स्लिपा प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवल्या होत्या म्हणून आकुर्डीच्या पीएफ ऑफिसला खेटे घालता आले, आणि दीड वर्षाने रक्कम खात्यात दिसली. तुम्ही तेवढं थांबू नका. यूएएनला, म्हणजे पीएफच्या कायमच्या नंबरला, जोडलेल्या मोबाइलवरून 9966044425 ला मिस कॉल द्या, शिल्लक मेसेजने येते. दर दोन महिन्यांनी द्या. पासबुकात मालकाचे 1,800 दोन भागांत दिसतील, 1,250 पेन्शनला आणि 550 पीएफला. त्यावरून घाबरू नका, ते बरोबर आहे. ठेकेदार बदलला की नवा यूएएन काढू देऊ नका, जुनाच द्या. आणि "अप्रेंटिस" म्हणून घेत असतील तर आधीच समजून घ्या, तिथे विद्यावेतन मिळतं, पीएफ नसतो.

ठेकेदाराने पगारच दिला नाही तर? मूळ कंपनीला द्यावा लागतो. ती जबाबदारी कायद्याने तिचीच आहे, म्हणून अर्ज दोघांच्याही नावाने लिहायचा आणि पोच घ्यायची.

पोरी विचारतात, इतक्या गाड्या बाहेर पडतात, मग पगार का हलत नाही? मलाही हे उशिरा उमगलं. 2022 च्या मार्चमध्ये युक्रेनच्या युद्धामुळे जर्मनीतले मोठे गाडी कारखाने अडले, कारण त्यांचे हार्नेस तिकडून यायचे. तेव्हा कळलं, तिकडेही माणसंच बोर्डावर हाताने वायर टाकत होती. खिळ्यांमधून वायर ओढायची, टर्मिनल टक् वाजेपर्यंत कनेक्टरमध्ये ढकलायचं, टेप गुंडाळायची. हे काम यंत्राला अजून नीट जमत नाही, म्हणून जिथे हात स्वस्त तिथे ते जातं. आपला भाव ठरवताना समोर नुसतं चाकण नसतं. नोकऱ्या वाढल्या, पण कशा? सरकारच्या उद्योग पाहणीत 2022-23 ला कारखान्यांतल्या शंभर कामगारांमागे चाळीस कंत्राटी निघाले. 2000 च्या सुमारास ते वीस होते. लाइनवर शेजारी उभी असलेली परमनंट बाई तीच वायर ओढते आणि माझ्या दुप्पट घेते. तिच्याशी भांडून उपयोग नाही, तिच्याकडून स्लिप बघून घ्या.

म्हणून नोकरी बदलताना हजार रुपयांच्या वाढीवर जाऊ नका. माझ्यासारख्या दर दोन-तीन वर्षांनी ठेकेदार बदलणारीची सलग नोकरी कागदावर होतच नाही, आणि ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना मिळणारी एकरकमी रक्कम, त्याच्यावरच असते. कंपनीच्या थेट पत्रावर "फिक्स टर्म", म्हणजे ठरावीक मुदतीची नोकरी, मिळत असेल तर हजार कमी आले तरी चालतील. 21 नोव्हेंबर 2025 ला लागू झालेल्या नव्या सामाजिक सुरक्षा संहितेत फिक्स टर्मवाल्याला एका वर्षावरही ग्रॅच्युइटी आहे. दुसरं, स्लिपवर तुमची श्रेणी काय लिहिलीय ते बघा. टेस्टिंग बोर्ड किंवा क्रिम्पिंग मशीन चालवणारी बाई "अकुशल" कशी? श्रेणी बदलली की किमान वेतनाचा आकडाच बदलतो.

तो आकडा कामगार आयुक्तांच्या "महाकामगार" संकेतस्थळावर परिमंडळानुसार असतो. विशेष भत्ता जानेवारीत आणि जुलैत बदलतो. जाहीर व्हायला उशीर झाला तर मागचा फरक मागायचा, आपणहून कुणी देत नाही. गेल्या खेपेला जूनची आणि ऑगस्टची स्लिप शेजारी शेजारी धरली तर भत्ता पैशानेही हललेला नव्हता. अर्ज दिला, पोच घेतली. सुपरवायझर म्हणाला, "मावशी, तुम्ही एकट्याच आलात." दुसऱ्या दिवशी अकरा जणी गेलो.