हीथ्रोवर उतरल्यावर गाडीत बसण्यापूर्वी

लंडनमध्ये भाड्याने प्रवासी नेणाऱ्या मोटारी दोन प्रकारच्या आहेत, आणि त्यांतला फरक ठाऊक नसल्यामुळे मी इथल्या पहिल्याच रात्री फसलो. काळी टॅक्सी रस्त्यात हात दाखवून किंवा टॅक्सीतळावरून घेता येते. मिनीकॅब मात्र परवानाधारक कंपनीकडे आधी नोंदवावीच लागते. नोंदणीविना रस्त्यावर प्रवासी घेण्याची तिच्या चालकाला मुभा नाही आणि अशा फेरीला विम्याचे संरक्षणही बहुधा नसते. अ‍ॅपवरून मागवलेली गाडी हीसुद्धा बहुधा मिनीकॅबच.

आगमन कक्षात एका गृहस्थांनी हिंदीत विचारपूस केली, काळ्या टॅक्सीपेक्षा वीस पौंड कमी सांगितले, आणि मी आगाऊ पैसे देऊन मोकळा झालो. ग्रेट वेस्ट रोडवर पोलिसांनी गाडी थांबवली, तेव्हा भाड्याचा परवाना नाही आणि विमा केवळ खासगी वापराचा आहे, हे उघड झाले. गाडी जागेवरच जप्त झाली, आणि नोव्हेंबरच्या रात्री अकरा वाजता, चार बॅगा व तीन वर्षांची मुलगी घेऊन आम्ही पदपथावर उभे राहिलो. पोलीस अत्यंत सौजन्याने बोलत होते, पण नियमापासून तसूभरही हलले नाहीत. या देशाचा स्वभाव मला त्या रात्रीच कळला. दिलेले पैसे गेले ते गेलेच, वर काळ्या टॅक्सीचे भाडे पडले.

अधिक खंत वाटते ती आपल्याच मंडळींची. ‘आपलाच माणूस आहे, स्वस्तात आणून सोडेल’ असा निरोप व्हॉट्सअ‍ॅपवर आजही फिरतो. स्नेह्याने आपुलकीने न्यायला येणे वेगळे, आणि स्वतःच्या मोटारीवर परवान्याविना धंदा करणे वेगळे. मराठी बोलल्याने विमा लागू होत नाही.

लंडनच्या मिनीकॅबच्या पुढच्या व मागच्या काचेवर परवान्याची चकती आणि चालकाजवळ छायाचित्राचा बिल्ला असतो. नोंदणीच्या संदेशातला क्रमांक गाडीच्या पाटीशी जुळवावा, आणि आपले नाव आधी न सांगता ‘कोणाला न्यायला आलात?’ असे चालकालाच विचारावे. चालकाचा आणि गाडीचा परवाना ट्रान्सपोर्ट फॉर लंडन या शहराच्या वाहतूक संस्थेच्या संकेतस्थळावर पडताळता येतो. लंडनबाहेर स्लाव किंवा रेडिंगला राहणार असाल, तर तिथे परवाने स्थानिक कौन्सिल देते. नोंदवलेल्या गाडीवर वुल्वरहॅम्प्टनसारख्या दूरच्या कौन्सिलच्या परवान्याची पाटी दिसली, तरी तेवढ्यावरून ती बेकायदा ठरत नाही.

मागच्या आसनावरही पट्टा बांधावा. न बांधल्यास प्रौढ प्रवाशाला 500 पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. टॅक्सीत बालआसन नसेल, तर तीन वर्षांखालील मूल मागे विनापट्टा बसवण्याची सूट कायदा देतो. मी ती कधी घेतली नाही. नोंदणी करतानाच बालआसन मागावे, आणि ही नोंदणी मुंबईहून निघण्यापूर्वीच करावी, कारण उतरल्यावर भारतातले सिमकार्ड चालेलच असे नाही.